हिरव्या बनातीवरची पैज

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास कोथरूडमधील एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. आवाज दबका होता. सोसायटीच्या फाटकाशी दोन तरुण मोटारसायकल लावून उभे होते आणि 'तुमच्या मुलाकडून त्रेचाळीस हजार रुपये येणे आहे' असे रखवालदारामार्फत वर निरोप पाठवीत होते. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, वय वर्षे वीस. गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा म्हणून आळीत नावाजलेला. घरात कोणाला सुपारीचेही व्यसन नाही. अशा घरातील मुलाच्या डोक्यावर हे कर्ज आले कोठून? तर शहराच्या पूर्व भागातील एका मद्यगृहात ठेवलेल्या पूलच्या टेबलावरून.

दुसऱ्या दिवशी मुलाशी निवांत बोललो. तो शरमलेला असेल, अशी माझी कल्पना होती. शरम होतीच, पण तिच्याहून अधिक होता तो राग. "काका, मी त्या माणसापेक्षा चांगला खेळतो," हे वाक्य त्याने तासाभरात चार वेळा उच्चारले. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची गोम ह्या एका वाक्यात आहे.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. महाविद्यालयाजवळच्या पार्लरमध्ये दोन वर्षे खेळून त्याने हात खरोखरच तयार केला होता. तेथे एक रिवाज असतो. हरेल त्याने टेबलाचे भाडे द्यायचे. ह्यात कोणत्याही पालकाला वावगे वाटणार नाही. भाड्याच्या जोडीला पुढे चहा येतो, चहाच्या जागी शंभराची नोट येते आणि नोट ठेवल्याशिवाय खेळात रंगत नाही, अशी मनाची घडण होऊन जाते. पार्लरमध्ये निदान सारे ओळखीचे असतात. मद्यगृहात तसे नाही. तेथे पस्तिशीचा एक अत्यंत नम्र गृहस्थ ह्या मुलाशी खेळायला आला. पहिले दोन डाव ओबडधोबड खेळून हरला, हसत पैसे दिले, मुलाच्या हाताची वाखाणणी केली, त्याच्यासाठी बिअर मागवली. (बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ वर्षांची आहे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची. वीस वर्षांच्या मुलाला ती कोणी का दिली, हा प्रश्न त्या टेबलाशी कोणालाच पडला नाही.) मग पाचशेची पैज. मुलगा जिंकला. हजाराची पैज. पुन्हा जिंकला. त्यानंतर तो हरू लागला आणि प्रत्येक वेळी हरला तो एकाच चेंडूने. नऊ चेंडूंच्या खेळात शेवटचा नववा चेंडू जो घालवील तो जिंकतो. आधीचे आठ कोणी घातले ह्याला मोल नाही. त्यामुळे मुरलेल्या खेळाडूला आपले कसब लपवायला हा खेळ फार सोयीचा. समोरच्याने आठ चेंडू घालावेत, नववा आपण घालावा आणि 'नशीब माझे, आज तुमचा हात बसत नाही' असे म्हणावे. मुलाला वाटत राहते की आपण थोडक्यात चुकलो, पुढचा डाव आपलाच आहे.

खिशातील पैसे संपले, मोबाइलवरून खात्यातील गेले. मग शेजारच्या मेजावरील एक 'सज्जन' पुढे आला आणि त्याने उसने दिले; कागदावर सही घेतली, पत्ता लिहून घेतला. हा सारा प्रकार दीड तासात आटोपला. जिंकणारा आणि उसने देणारा एकाच मोटारसायकलवरून गेले, हे मुलाने पाहिले. त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला तो तिसऱ्या दिवशी.

वस्तुतः ह्यात नवे काहीच नाही. 'पूल' हा शब्दच मुळी पैजेतून आला आहे. सर्वांनी मिळून जमा केलेली बाजीची रक्कम, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींमधील वेळ जावा म्हणून तेथे टेबले मांडली गेली आणि ते नाव टेबलावरील खेळाला चिकटले. स्नूकरचा जन्म तर आपल्याच भूमीवरचा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्याने कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पैजेवर खेळल्या जाणाऱ्या जुन्या प्रकारांत रंगीत चेंडूंची भर घातली, तोच पुढे स्नूकर झाला. आपल्याकडे हा खेळ छावणीच्या वाटेने आला. पुण्यासारख्या लष्करी ठाण्याच्या शहराला तो परका राहणे शक्यच नव्हते.

पण म्हणून खेळाला दोष देणे हा अन्याय होईल. व्यक्तिगत खेळात भारताला पहिले जागतिक विजेतेपद मिळवून देणारे विल्सन जोन्स हे ह्याच पुण्यात १९२२ साली जन्मले. १९५८ साली कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे ज्यांच्या नावावर आहेत, ते पंकज अडवाणी यांचाही जन्म १९८५ साली पुण्यातच झाला. ते घडले बंगळुरूत, ही गोष्ट वेगळी. नजर, संयम, भूमिती आणि हाताची स्थिरता ह्यांची अशी कसोटी पाहणारे खेळ थोडे. आपल्या घरातील मुलगा क्यू हातात घेतो म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग सीमारेषा कोठे आखायची? ह्याचे उत्तर मला आपल्या कुस्तीच्या फडात सापडते. जत्रेच्या फडात पैशाशिवाय कुस्ती नसते. इनामाचा आकडा भर मैदानात पुकारला जातो, वस्ताद शेजारी उभे असतात, पंच नेमलेले असतात. पण तो पैसा गावाचा असतो. हरणारा मल्ल अंगाची माती झाडून घरी जातो. त्याची जमीन, त्याच्या आईचे मंगळसूत्र तेथे डावावर नसते. पैशासाठी खेळणे आणि पैसा लावून खेळणे ह्यांतील हा भेद निरक्षर वस्तादालाही ठाऊक होता.

गंमत अशी की, कायद्यानेही नेमका हाच भेद मानला आहे आणि तोही कुस्तीच्याच निमित्ताने. १९३१ च्या निकालसंग्रहात मुंबई उच्च न्यायालयाचा एक निवाडा आहे. दोन मल्लांनी करार केला होता. ठरल्या दिवशी जो येणार नाही त्याने दुसऱ्याला ५०० रुपये द्यायचे आणि जिंकणाऱ्याला तिकिटांच्या उत्पन्नातून १,१२५ रुपये मिळायचे. एक जण आलाच नाही. दुसऱ्याने दावा लावला. ही पैज असल्याने करार निरर्थक आहे, असा बचाव झाला. न्यायालयाने तो फेटाळला, कारण बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्या पैशातून येणार होती, हरणाऱ्याच्या खिशातून नव्हे. ह्याउलट इंग्लंडमध्ये १८७७ साली दोघांनी प्रत्येकी २०० पौंड तिऱ्हाइताकडे ठेवून चालण्याची शर्यत लावली, तेव्हा तेथील न्यायालयाने ती निखळ पैज ठरवली. चालणे हे कौशल्याचे की नशिबाचे, हा प्रश्न तेथे गौण होता.

मुलांच्या ओठांवर जो युक्तिवाद असतो, त्याचे उत्तर येथे आहे. 'पूल हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे' असे ते म्हणतात आणि १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातील निव्वळ कौशल्याच्या खेळांना दिलेली सूट दाखवतात. सूट आहे; ती खेळाला आहे. पण हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पैसे द्यायचे, ह्या कराराला १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम शून्यवत् ठरवते. इतकेच नव्हे, तर जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ सालापासून आणखी एक कायदा आहे. त्याच्या अन्वये पैजेच्या पूर्ततेसाठी वा तिला साहाय्य म्हणून केलेले इतर करारही निरर्थक ठरतात; सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ही गोष्ट स्पष्ट केली आहे. सारांश, 'सज्जनां'नी घेतलेल्या त्या सहीच्या आधारे कोणत्याही न्यायालयातून दमडी वसूल होण्याजोगी नव्हती. म्हणूनच ते न्यायालयात जात नाहीत. रात्री साडेअकराला फाटकाशी येतात. शिवाय परवान्याविना सावकारी करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि धमकी देऊन पैसे उकळणे हाही गुन्हाच.

कौशल्याबद्दल आणखी थोडे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक सूक्त आहे. सासू त्याचा द्वेष करते, आप्तेष्ट त्याला ओळख देत नाहीत, तरी फाशांचा आवाज आला की त्याची पावले तिकडे वळतात आणि अखेर त्याला सांगितले जाते की, बाबा रे, आपले शेत कस. महाभारतातील द्यूतसभा आपण सारेच जाणतो. परंतु वनपर्वातील एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. सर्वस्व गेल्यानंतर, अरण्यात, युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींकडून अक्षविद्येचे रहस्य मिळाले. म्हणजे शकुनीसमोर बसताना खेळाची आवड त्याला होती, विद्या नव्हती आणि समोरच्याकडे ती किती आहे ह्याचा अदमासही नव्हता. मद्यगृहातील वीस वर्षांच्या मुलाची स्थिती ह्याहून निराळी नसते. जो मुळीच खेळत नाही, तो दोनशे रुपये हरून उठतो. ज्याचा हात बरा आहे, तोच बसून राहतो.

आणि ज्याचा हात खरोखर उत्तम आहे त्याचे काय? तोच नवख्यांना गंडवू लागला तर? पॉल न्यूमनच्या १९६१ सालच्या 'द हसलर' ह्या गाजलेल्या चित्रपटात नायक आपले कसब लपवून पैसे जिंकतो आणि चिडलेले गुंड त्याचे दोन्ही अंगठे मोडतात. पडद्यावरचे सोडा. २०२३ साली जागतिक स्नूकरमध्ये दहा चिनी खेळाडूंवर निकालनिश्चिती आणि सट्ट्यासंबंधी कारवाई झाली, दोघांवर आजन्म बंदी आली. त्यांतील झाओ शिनतोंग याने स्वतः सामना विकला नव्हता. सामन्यांवर पैसे लावणे आणि दुसऱ्याच्या गैरप्रकारात सहभाग, एवढ्यावर त्याची उमेदीची वीस महिने गेली. परतल्यावर, २०२५ साली, तो जगज्जेता झाला, ही त्याची जिद्द. पण प्रत्येकाला ती वाट परत सापडत नाही.

तेव्हा मुलांशी स्पष्ट बोलावे, असे माझे मत आहे. पैज लावूच नये, हे तर खरेच. पण 'नको' एवढे सांगून पालकांचे कर्तव्य संपत नाही, कारण मुलगा आपल्याला विचारून जात नाही. त्याला हेही सांगावे की, अनोळखी माणूस सहज हरत असेल तर क्यू ठेवून दे. दारू आणि पैसा एका टेबलावर आले की तेथून ऊठ. उसन्या पैशावर एकही डाव खेळू नकोस, कशावर सही करू नकोस, मोबाइल कोणाच्या हाती देऊ नकोस. एकटा जाऊ नकोस आणि ज्यांच्याबरोबर गेलास त्यांच्याबरोबरच परत ये. नियमांवरून वाद झाला तर तेथे पंच नाही, मार्कर नाही. हरलो म्हणून मोकळा हो. हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी जाऊ नकोस. आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा पर्याय कोणी सुचवील, तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तसे खेळ चालवणे वा त्यांची जाहिरात करणे बंद केले आहे, कौशल्याचा असो वा नशिबाचा, हेही सांग म्हणावे त्याला.

ह्या सगळ्याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र मुलाला सांगायची नसते, घरात असावी लागते. त्या मुलाने तीन दिवस घरी तोंड उघडले नाही. का? वडिलांच्या रागाची भीती नव्हती. ते रागीट गृहस्थच नव्हेत. 'आपल्या घरात असे होत नाही' ह्या वाक्याची भीती होती. संस्कारी म्हणवणाऱ्या आपल्या घरांतून हे वाक्य फार सहज उच्चारले जाते, शेजारच्या मुलाविषयी बोलताना तर हमखास. आपला मुलगा ते ऐकत असतो. फाटकाशी उभ्या राहणाऱ्यांचे सारे बळ ह्या वाक्यात असते. मुलगा घरी सांगणार नाही, बाप चार लोकांत कळू देणार नाही, ह्यावर त्यांचा धंदा चालतो. पूर्वी तालमीतील पोर भलत्या अड्ड्यावर दिसले, तर वस्तादाच्या कानी संध्याकाळच्या आत जाई. पोराला मार बसे, पण दुसऱ्या दिवशी तालमीचे दार बंद नसे.

त्या रात्री स्नेह्यांना मी एवढेच सांगितले की, पैसे देऊ नका, खाली एकटे जाऊ नका, ११२ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांना उठवा. शेवटची सूचना त्यांना सर्वांत जड गेली. ती त्यांनी पाळली. खाली पाच-सहा माणसे जमलेली पाहून, पोलीस यायच्या आतच ते दोघे निघून गेले. आठवड्याने एकदा मुलाच्या मोबाइलवर धमकी आली. ती तशीच जपून पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यानंतर आजवर काही नाही.

मुलाने खेळ सोडला नाही. आता तो क्लबांच्या खुल्या स्पर्धांना नाव देतो. प्रवेशशुल्क भरावे लागते, मार्कर गुण पुकारतो. गेल्या महिन्यात पहिल्याच फेरीत हरला. वडील सोबत जातात. त्यांना अजून नियम नीट कळलेले नाहीत, काळा चेंडू सात गुणांचा एवढेच ठाऊक आहे. कोपऱ्यातील खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि चेंडूचा आवाज झाला की मान वर करून पाहतात.