स्क्रीनवरचं वाक्य आवाजानेही वाचावं का?

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा'वर धड्याचं साहित्य उघडतं. त्यातल्या व्हिडिओत दिसणारं वाक्य निवेदकानेही वाचावं का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर सांगतात, नको. चित्र, मजकूर आणि तोच मजकूर आवाजात असं एकदम आलं, की डोळे चित्र सोडून अक्षरांमागे पळतात.

पण पुसदच्या तांड्यांवर घरात गोरबोली चालते. तिथल्या तिसरीतल्या पोरासाठी शाळेची मराठी ही दुसरी भाषा. ऐकलेला शब्द समोर दिसला तर त्याला तो पकडता येतो. हा अपवाद मेयरही मानतात. मग मजकूर व्हिडिओत कायमचा चिकटवता कशाला? सबटायटलची वेगळी फाइल जोडा, हवं त्याने चालू करावं. गोरबोलीतलं निवेदनही तसंच, दुसरा ऑडिओ ट्रॅक म्हणून देता येतं. चित्रं तीच राहतात, खर्च फक्त रेकॉर्डिंगचा.