जहाजावरची भाषा आणि आपले साहित्येतिहास

भारतीय भाषांचे साहित्येतिहास भूमीच्या आधाराने रचले गेले आहेत. प्रदेश, राजवट आणि पंथ ही त्यांची दालने. समुद्राला त्यांत स्थान नाही. ही उणीव किती मूलगामी आहे, हे ‘लिओनिडास’ या एका जहाजाच्या उदाहरणावरूनही ध्यानात यावे.

फिजी बेटे १८७४ साली ब्रिटिश वसाहत झाली. त्रिनिदाद व मॉरिशस येथे गव्हर्नर राहिलेले आर्थर गॉर्डन तेथे आले, आणि उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर राबविण्याची त्या वसाहतींतील पद्धत त्यांनी फिजीतही आणली. त्यानुसार ‘लिओनिडास’ ३ मार्च १८७९ रोजी कलकत्त्याहून निघाले. वाटेत पटकी आणि देवी यांनी बळी घेतले. १४ मे रोजी ते लेवुका बंदरी पोचले तेव्हा त्यावर ४६३ मजूर होते. त्यांनाही आधी एका लहान बेटावर अलग ठेवण्यात आले. १९१६ पर्यंत अशा ८७ सफरींतून साठ हजारांहून अधिक माणसे फिजीत उतरली.

प्रत्येक मजुराच्या परवान्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरील खूण अशी नोंद असे. भाषेचा रकाना मात्र नव्हता. मळेवाल्याला भाषेचे प्रयोजन नव्हते, हे समजण्यासारखे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनीही तो रकाना कोराच ठेवावा, याचे नवल वाटते. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले, सहप्रवासी ‘जहाजी भाई’ झाले, आणि अवधी-भोजपुरीच्या मिश्रणातून फिजी हिंदी घडली. तोताराम सनाढ्य यांचे ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ (१९१४) आपण दस्तऐवज म्हणून वाचतो. सुब्रमणी यांची फिजी हिंदीतील कादंबरी ‘डउका पुरान’ (२००१) बोलीतील प्रयोग म्हणून बाजूला ठेवतो. याउलट, स्थलांतरितांविषयी कोणी इंग्रजीत लिहिले की ते तत्काळ अभ्यासक्रमात येते. ही तुलना नव्हे, ही सोय आहे.

यावर आक्षेप असा की, हे साहित्य फिजीचे आहे. त्यावर भारताने हक्क का सांगावा? आक्षेप रास्त आहे. हक्क सांगूच नये. पण हक्क न सांगणे वेगळे आणि न वाचणे वेगळे.

मराठीनेही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांकडे आपण पुन्हा पुन्हा एकच प्रश्न घेऊन जातो: ‘तुमची मराठी टिकली का?’ हा प्रश्न परीक्षकाचा आहे. त्या मराठीचे तेथे काय झाले, तिने क्रिओलकडून काय घेतले आणि तिच्या बोलणाऱ्यांनी काय रचले, हे अभ्यासकाचे प्रश्न होत. परवान्यावरचा तो कोरा रकाना त्यांच्याच उत्तरांनी भरता येईल.