सहा शनिवारांची पाहुणी

'मी कुत्रा फॉस्टर करतेय,' असं ऑफिसात एकदा सांगून बघा. अर्धे जण विचारतात, "म्हणजे पाळलास?" उरलेले विचारतात, "मग परत कशाला देणार?" दोघांना माझं एकच उत्तर असतं. बरी करायला आणलीय, बरी झाली की जाईल.

तसं पाहिलं तर ही सोय आपल्यासारख्यांसाठीच आहे. घर भाड्याचं, पुढच्या वर्षी कुठल्या शहरात असू याचा पत्ता नाही. अशा वेळी कुत्र्याचं १२-१५ वर्षांचं कमिटमेंट कोण घेणार? पण सहा आठवडे? ते जमतं. आणि शेल्टरमधल्या आजारी कुत्र्याला कधीकधी तेवढेच हवे असतात. कोरडी जागा, वेळेवर खाणं आणि रात्री कण्हलं तर ऐकणारं कुणीतरी.

माझी पाहुणी होती ब्राउनी. वय अंदाजे तीन, वजन चौदा किलो, आणि आजार कॅन्सर. हो, कॅन्सर! मीही दचकले होते. रस्त्यावरची ही कुत्री, मागून थेंब थेंब रक्त यायचं. लोक म्हणायचे, माजावर आली असेल. पण महिना उलटला तरी रक्त थांबेना. शेल्टरच्या डॉक्टरांनी तपासलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. नाव 'टीव्हीटी'. हा कॅन्सर चक्क लागतो! कुत्र्याकडून कुत्र्याला, मुख्यतः समागमातून, कधी चाटण्या-हुंगण्यातूनही. जंतू वगैरे काही नाही, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका अंगातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. जगभरातल्या ५४६ गाठी तपासून शास्त्रज्ञांनी २०१९ साली 'सायन्स'मध्ये मांडलं की हे सगळं आशियातल्या एकाच कुत्र्यापासून सुरू झालं, ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी. तो कुत्रा कधीच गेला, त्याची गाठ अजून जिवंत आहे. माणसाला मात्र हा आजार होत नाही, त्यामुळे बिनधास्त राहा.

आता चांगली बातमी. बहुतेक कुत्री यातून पूर्ण बरी होतात. आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा. औषधाचं नाव व्हिन्क्रिस्टीन. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये वापरतात तेच. आणि ते मिळतं कशातून? आपल्या सदाफुलीतून! एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात म्हणे.

पहिली दोन इंजेक्शनं पुण्यात झाली. तेवढ्यात घरून फोन आला. हळद निघाली होती, माणसं कमी पडत होती. घर म्हणजे साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. महिनाभर गावाहून काम करायची परवानगी मिळाली, पण ब्राउनीचं काय? शेल्टरला विचारलं, त्यांनी फाइल हातात दिली. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं. पुढची इंजेक्शनं तिथे घ्यायचं ठरलं. रात्रभर गाडी, मागच्या सीटवर गोधडी आणि गोधडीत ब्राउनी.

आईने दारातच विचारलं, "कुत्र्याला बी केमो द्यायलेत का आता?" औषध सदाफुलीचं म्हटल्यावर तिने अंगणातल्या झाडाकडे बघितलं. "मग तिकडं परभणीला कशाला जायलीस? इथंच काढा करून देते की." मंडळी, हे अजिबात करायचं नाही. सदाफुलीची पानं विषारी असतात. औषध मोजून, थेट शिरेतच द्यावं लागतं. शिरेबाहेर थेंब सांडला तरी तिथलं मांस सडू शकतं. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस तिची शी-शू, उलटी हातमोजे घालूनच उचलायची. गरोदर बाईने तर त्या कामाला हातच लावायचा नाही.

तिसरा शनिवार छान गेला. रक्त थांबलं, गाठ निम्म्यावर आली. चौथ्या शनिवारी परभणीत आधी रक्ततपासणी केली, तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या. डॉक्टर म्हणाले, "आज इंजेक्शन नाही. हिला आता काहीही इन्फेक्शन झेपणार नाही. ताप आला तर लगेच घेऊन या." औषध गाठीच्या पेशी मारतं तसंच अस्थिमज्जेलाही दुखावतं, हे मी वाचलं होतं. पण मांडीवरचं कुत्रं मान टाकून बसल्यावर वाचलेलं काही कामाला येत नाही.

ब्राउनी दोन दिवस जेवली नाही. बाबांनी हळदीची पोती हलवून आतली खोली रिकामी केली, म्हणजे गोठ्यातली माती नको आणि गल्लीतली कुत्री नकोत. दर चार तासांनी थर्मामीटर. मी लॅपटॉप घेऊन त्याच खोलीत बसले. कॉलवर म्यूट करून तिला चमच्याने पाणी पाजत होते. तिसऱ्या दिवशी आई भाकरी आणि तुपाची वाटी घेऊन आली. आमच्याच जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव इथे पोराटोरांना माहीत असतात. मी म्हटलं, "अगं, नामदेवांच्या कुत्र्याला केमो चालू नव्हती. हिला तूप पचायचं नाही." आई काही बोलली नाही. तूप परत नेलं आणि मऊ भातात उकडलेलं अंडं कुस्करून आणलं. ब्राउनीने आईच्या हातून चार घास खाल्ले. माझ्या हातून एकही नाही!

पाचव्या शनिवारी पेशी वर आल्या, इंजेक्शन मिळालं. सहाव्याला शेवटचं. त्यानंतरच्या तपासणीत गाठ सापडलीच नाही. त्या रात्री डॉक्टरांना विचारून एक चमचा तूप दिलं. वाटी अर्थातच आईच्या हातात.

पुण्यात परतल्यावर अंगात ताकद आली तशी नसबंदी झाली, आणि एका कुटुंबाने ब्राउनीला दत्तक घेतलं. सोडायला गेले तेव्हा तिने एकदा वळून बघितलं आणि त्यांच्या मुलीमागे आत पळाली. वाईट वाटतं का? वाटतंच. घरी येऊन मी तिची वाटी घासली आणि रडले. पण तिचं पळणं हेच तर सहा शनिवारांचं काम होतं.

तुम्हाला करायचं असेल तर चार गोष्टी आधीच लिहून घ्या. औषधाचा आणि तपासण्यांचा खर्च कुणाचा? रात्री काही झालं तर फोन कुणाला? लसीचं वेळापत्रक काय? नाहीच झेपलं तर ती परत कुठे जाईल? घरमालकालाही आधीच सांगा. आणि आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी होतेय ना, ते बघा. हा आजार पसरू न देण्याचा तो सगळ्यात साधा मार्ग आहे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मला वाटलं, ब्राउनीची चौकशी करेल. पण तिने थेट मुद्द्यालाच हात घातला. "शेजारच्या काळ्या कुत्रीच्या मागून रक्त यायलंय. सगळे म्हणायलेत, माजावर आहे. मी म्हटलं, नाही. परभणीचा डॉक्टर कोणत्या वारी भेटतो?"