नाथांचं भारूड आणि कंपनीचा दावा

नाथषष्ठी जवळ आली की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातल्या भजनी मंडळांचे व्हिडिओ इंटरनेटवर भराभर चढू लागतात. कुणी एकटाच पेटीवर अभंग वाजवतो, कुठे चार मैत्रिणी मिळून भारूड करतात. मग एखाद्याला संदेश येतो : तुमच्या व्हिडिओत अमुक कंपनीच्या मालकीचं संगीत आहे. माझ्या ओळखीच्या एका पेटीवादक काकांना संत एकनाथांच्या भारुडावर असा दावा आला. चाल परंपरेतली, पेटी त्यांची, आवाज त्यांचा. तरी त्यांनी व्हिडिओ पुसून टाकला. ‘या वयात कोर्टकचेरी नको,’ एवढंच म्हणाले. आणि ज्यांच्या भारुडावर हा दावा, त्या नाथांनी पैठणला देह ठेवला १५९९ साली!

काकांसारखी माणसं घाबरून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आज हा विषय नीट मांडतो.

कायद्याच्या लेखी एका गाण्यात तीन गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. मुदत संपली की ती गोष्ट सगळ्यांची. म्हणून नाथांचे शब्द सगळ्यांचे आहेत. अठराव्या शतकात या शहरात गझला लिहिणाऱ्या सिराज औरंगाबादींचेही. पण ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ घ्या. शब्द नामदेवांचे, म्हणजे मोकळे. भीमसेनजींच्या आवाजात आपल्या कानांत बसलेली चाल मात्र राम फाटकांची. ते २००२ साली गेले, म्हणजे त्या चालीवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. हा फरक कळला की निम्मी भीती जाते.

उरलेली भीती यंत्राची. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा २००७ पासून चालू आहे. कंपन्या आपली ध्वनिमुद्रणं तिच्याकडे देतात. ती त्यांचा ठसा काढून ठेवते आणि नव्याने आलेला व्हिडिओ त्या ठशांशी ताडून पाहते. तिला चालही ओळखता येते. पण जुळलेली चाल पिढ्यान् पिढ्या गावोगाव गायली जाते आहे, हे तिला ठाऊक नसतं. पारंपरिक आरती ध्वनिमुद्रित करणाऱ्या कंपनीचा हक्क त्या ध्वनिमुद्रणापुरता असतो. यंत्र तीच आरती गाणाऱ्या दुसऱ्यालाही पकडतं. हे जगभर घडतं. २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने स्वतः वाजवलेली बाखची रचना फेसबुकवर टाकली, तर तिच्यातल्या ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकने मालकी सांगितली. बाख १७५० साली वारला. ऱ्होड्स यांनी जाहीरपणे आवाज उठवला आणि तो दावा सुटला.

आपल्याकडच्या हौशी कलाकारानेही हरकत घ्यायला शिकलं पाहिजे. यूट्यूबवर दावा वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. कंटेंट आयडीच्या नुसत्या दाव्याने चॅनल बंद होत नाही. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दावा करणाऱ्याकडे वळतात. हरकत नोंदवली की समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं तर अपील करता येतं आणि त्यावर त्याला ७ दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. तिथेही तो अडून बसला आणि व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी त्याने केली, तर स्ट्राइक लागतो. ९० दिवसांत असे तीन लागले तर चॅनल जाऊ शकतं. म्हणून हरकत खात्री असेल तिथेच घ्यावी आणि तिच्यात रचनाकाराचं नाव, त्याचं मृत्युवर्ष, वादन स्वतःचं असल्याचं स्पष्ट लिहावं. कराओके ट्रॅक लावून गायलात, तर तो ट्रॅक कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतो. तिथला दावा बहुधा खरा असतो.

आणि खऱ्या दाव्याचा मान राखलाच पाहिजे. वामनदादा कर्डकांची गाणी मराठवाड्यातल्या वस्तीवस्तीत गायली गेली. अशा कवींच्या शब्दांवर कुणी कमाई करत असेल, तर कवीचा वाटा त्याच्या घरी पोहोचायला हवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला, ते योग्यच झालं.

पण त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात हौशी माणसाचाही विचार आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. तापडिया नाट्यमंदिरात एखाद्या मंडळाने विनामूल्य मैफल केली, तर हे कलम तिच्या पाठीशी उभं राहतं. तीच मैफल मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकली की हा आधार उरत नाही, कारण कलम बोलतं ते प्रयोगाबद्दल. सभागृहातल्या हौशीला दिलेली सवलत, एक पैसाही न कमावणाऱ्या हौशीला पडद्यावरही मिळायला हवी. संसदेने ही दुरुस्ती करावी, ही माझी मनापासून मागणी आहे.

कायदा बदलेपर्यंत शहराने आपल्या कलाकारांच्या मदतीला यावं. इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी संगीत शिकवणाऱ्यांना सोबत घेऊन आठवड्यातली एक संध्याकाळ दिली, तर कुठली चाल परंपरेतली आणि कुठली कुणाच्या हक्काची, हे हौशी कलाकाराला सांगता येईल, हरकतीचा मजकूरही लिहून देता येईल. भावी वकिलांना याहून जिवंत अभ्यास कुठे मिळणार? आणि नाथांचं भारूड गाणाऱ्या माणसाला आपल्याच वारशासाठी कुणापुढे नमावं लागणार नाही.