तेजीची सवय आणि मंदीचा बाजार

भाव उतरला की घ्यायचे, चार दिवस थांबायचे आणि नफा पदरात पाडून घ्यायचा, एवढा एकच मंत्र २००३ ते २००७ या काळात असंख्य मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांना पुरला. त्या मंत्राला यश येत गेले ते बाजार चढता होता म्हणून. यशाचे श्रेय मात्र प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीला दिले.

१० जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्सने २१ हजारांची पातळी ओलांडली होती. त्याच महिन्याच्या २१ तारखेला तो एका दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला. अनेकांना ही स्वस्ताईची पर्वणीच वाटली. मार्चमध्ये १५ हजारांखाली गेलेला निर्देशांक मेच्या आरंभी १७ हजारांच्या पुढे आला, तेव्हा मंदी सरली असे सांगणाऱ्यांचा आवाज चढला. जुलैत तोच निर्देशांक १३ हजारांखाली होता, आणि २७ ऑक्टोबरला व्यवहार चालू असताना त्याने ७,७०० च्याही खालचा तळ पाहिला. मंदीतल्या अशा उसळ्या मोठ्या फसव्या असतात. धीर सुटलेल्याला त्या पुन्हा आत ओढतात. सावध माणूस मात्र अशाच उसळीत आपला बोजा हलका करतो.

येथे एक साधे अंकगणित ध्यानात घ्यावयास हवे. शंभराचे पन्नास झाले तर घट निम्म्याची, परंतु पन्नासाचे पुन्हा शंभर होण्यासाठी दुपटीची वाढ लागते. म्हणून मंदीत पहिले काम भांडवल राखण्याचे. सौद्याचा आकार निम्म्यावर आणावा, तोट्याची मर्यादा, म्हणजेच स्टॉप लॉस, खरेदीपूर्वीच ठरवावी आणि ती आली की मनाशी हुज्जत न घालता बाहेर पडावे. रोख रक्कम हाती ठेवून स्वस्थ बसणे हाही एक व्यवहारच आहे, जरी दलालाला त्यातून काही मिळत नसले तरी.

‘अ‍ॅव्हरेज’ करण्याची खोड तर याहून घातक. आठशेला घेतलेला शेअर चारशेला आला म्हणून आणखी घेणे, दोनशेला आला म्हणून पुन्हा घेणे. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सचा भाव आठशे रुपयांच्या पुढे होता. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पडलेला प्रत्येक शेअर पुन्हा उठतोच, असा कोणताही नियम नाही. उलट २००८ या वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला असताना हिंदुस्थान युनिलिव्हर आणि हीरो होंडा यांचे भाव वर्षअखेर चढेच होते. साबण आणि दुचाकी लोक मंदीतही घेतात. कर्जाचे ओझे कमी आणि रोजच्या गरजेचा माल, अशा कंपन्यांकडे वळणे हा मंदीतला खरा बदल होय.

मग भाव पडणार असे दिसत असेल, तर आधी विकून नंतर स्वस्तात घेण्याचा मंदीवाल्यांचा मार्ग का धरू नये? वायदे व्यवहारात ती सोय आहे. परंतु १८ मे २००९ आठवावा. लोकसभेच्या निकालानंतरच्या त्या सोमवारी सेन्सेक्स काही क्षणांतच २,१०० हून अधिक अंशांनी उसळला आणि व्यवहार दिवसभरासाठी थांबले. विकून बसलेल्यांना सौदे पूर्ण करण्याची उसंतही मिळाली नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. घराचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण ज्या पगारावर चालते, त्या पगाराने या फडात उतरू नये.

दरमहा ठरावीक रकमेने निर्देशांकाधारित म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने मंदीला घाबरून हप्ता बंद करणे हे उलटेच पाऊल ठरते, कारण त्याला तेवढ्याच रकमेत अधिक युनिट्स मिळत असतात. अर्थात पुढील काही वर्षांत लागणारा पैसा त्यात नसावा.

तोटा सोसून शेअर विकावे लागले, तर निदान प्राप्तिकरात त्याचा उपयोग करून घ्यावा. अल्पकालीन भांडवली तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा करता येतो, दीर्घकालीन तोटा केवळ दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला तोटा पुढील आठ वर्षे ओढता येतो. त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते, आणि तोटा झालेली माणसे नेमकी तेथेच कंटाळा करतात.