मोडीत कोण निघणार?

दिवाळीच्या तोंडावर माळे रिकामे होतात आणि जुन्या भांड्यांची मोड निघते. काय मोडीत काढायचे, हा मात्र घरोघरी वादाचा विषय! वाचकहो, म्हणूनच मला पेशींचे मोठे कौतुक वाटते. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी हा निवाडा अहोरात्र करीत असते, आणि तोही भांडण न करता.

प्रथिन बिघडले किंवा त्याचे काम संपले, की काही विकर त्याला ओळखतात आणि त्याच्या अंगावर ‘युबिक्विटिन’ नावाचे चिमुकले प्रथिन चिकटवतात. ते अवघे ७६ अमिनो आम्लांचे. एकाने सहसा भागत नाही. एकापुढे एक अशी त्यांची साखळी लागते. ही युक्ती उलगडणारे चिहानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्का बसलेले प्रथिन जाते ‘प्रोटिअसोम’ नावाच्या पिंपाकडे. पिंपाचे तोंड इतके अरुंद, की घडी घातलेले प्रथिन आत शिरतच नाही. तोंडाशी सहा विकरांचे कडे असते. ते ऊर्जा खर्चून प्रथिन खेचते आणि जुना स्वेटर उसवावा तसे उलगडत आत ढकलते. गंमत अशी, की उसवायला सुटे टोक सापडावे लागते! नुसता शिक्का आहे, पण टोक हाती लागत नाही, तर काम तिथेच अडते. ओळख पटवण्याची ही दुसरी चाळणीच म्हणा ना.

पण काटेकोरपणाही कधी जिवावर बेततो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात बहुतेक रुग्णांच्या एका प्रथिनातले ५०८व्या जागेवरचे अमिनो आम्ल गळालेले असते. १४८० पैकी फक्त एक! घडी थोडी बिघडते, एवढेच. पेशीच्या पडद्यापर्यंत पोचले असते तर त्या प्रथिनाने क्लोराइडची ने-आण थोडीफार केली असती. तपासनीस मात्र वाटेतच शिक्का मारतात, प्रथिन मोडीत जाते, आणि तिकडे लेकराच्या फुप्फुसात चिकट कफ साचत राहतो.

२०१९ साली अमेरिकेत मान्य झालेल्या औषधात तीन द्रव्ये आहेत. दोन प्रथिनाची घडी सावरतात. तिसरे ते पडद्यात पोचल्यावर त्याचे दार उघडे ठेवते. तपासनीस तेच, नियम तेच. पण आता ते पुष्कळ प्रथिनांना पुढे जाऊ देतात.