फुकटच्या शुश्रूषेचे अर्थशास्त्र

समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी सुमारे ५५ हजार कोटी रुपये उभे करताना शासनाच्या आर्थिक कुवतीचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. त्याच तालुक्यातील जानेफळसारख्या गावी एखादा शेतमजूर मोटारसायकलवरून पडतो, त्याच्या मेंदूला मार बसतो आणि तो खाटेला खिळतो, तेव्हा मात्र ही कुवत एकाएकी संपुष्टात येते. रुग्णालयाने त्याला घरी पाठविले की शासनाच्या लेखी प्रकरण मिटते. घरच्यांच्या लेखी ते तेथून सुरू होते.

केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रस्ता अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना जाहीर केली. मर्यादा दीड लाख रुपयांची आणि मुदत अपघातापासून ७ दिवसांची. योजना वाईट नाही. तिने जीव वाचतील. परंतु मेंदूच्या गंभीर दुखापतीत कित्येकदा नुसती शुद्ध यावयासच काही आठवडे लागतात. त्यानंतर गिळणे, बोलणे, तोल सांभाळणे हे सारे नव्याने शिकावे लागते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. नेमक्या त्याच काळात रुग्ण घरी असतो आणि व्यायाम शिकविणारा तज्ज्ञ शहरात असतो.

‘घरच्या घरी पुनर्वसन’ हा शब्दप्रयोग अलीकडे सरकारी परिसंवादांतून फार ऐकू येतो. तत्त्व म्हणून त्याला विरोध असण्याचे कारण नाही. १९७८ च्या आल्मा आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा पुरस्कार केला, तो योग्यच होता. पण त्यात घरापर्यंत सेवा पोहोचविण्याची कल्पना होती. आपल्याकडे रुग्ण तेवढा घरापर्यंत पोहोचविला जातो.

मग सेवा कोण करते? पत्नी, आई, नाहीतर शाळेतून काढलेली मुलगी. अंगाला जखमा पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावयाची, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून टेकवून बसवून भरवावयाचे. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवावयाचे. फेफऱ्याच्या गोळ्या चुकवावयाच्या नाहीत. शिवाय स्वभाव बदललेल्या माणसाचा संताप आणि प्रसंगी मारही सोसावयाचा. सोयाबीनच्या निंदणीची तिची मजुरी बुडते ती वेगळीच. घरातल्या एकाचा अपघात होतो, पण उत्पन्न दोघांचे जाते.

या श्रमांना किंमत नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. डोक्याला जबर मार लागून कायम परावलंबी झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी शुश्रूषेचा हिशेब मांडला. प्रत्येकी बारा तासांचे दोन परिचारक, प्रत्येकी ५ हजार रुपये. म्हणजे महिना १० हजार, आणि एकूण २१ लाख ६० हजार. अपघात मात्र २००७ चा होता. बारा वर्षे ज्या घराने ही सेवा केली, त्याने ती उधारीवर केली. आणि जो झाडावरून वा विहिरीत पडला, त्याला तर असा दावा करण्यास प्रतिवादीही नसतो.

त्याच्या वाट्याला येते संजय गांधी निराधार योजना. २०२५ मध्ये राज्य शासनाने अपंगांसाठी ही रक्कम दीड हजारावरून अडीच हजार केली. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन २०१२ पासून ३०० रुपयांवर थबकले आहे. ‘अपंग’ शब्दाचा ‘दिव्यांग’ मात्र तत्परतेने झाला. शब्दाला खर्च येत नाही.

त्यातही प्रमाणपत्राची अट आहेच. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले. मेंदूची दुखापत त्यांत नावानिशी नाही. हात लुळा पडला असेल तर टक्केवारी निघते. पण जो चालतो, बोलतो आणि तरीही सकाळचे संध्याकाळी विसरतो, पैशांचा व्यवहार करू शकत नाही, त्याच्या नुकसानीची टक्केवारी काढून घेणे महाकठीण. गाव त्याला वेडा ठरविते, आणि कचेरी धडधाकट.

याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी शुश्रूषा भत्त्याची तरतूद आहे; पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पाचर मारून. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून शुश्रूषा करणाऱ्यांस दरमहा ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे, ती थकतेही. तरीही सेवा करणारी व्यक्ती शासनाच्या खात्यावर स्वतंत्रपणे नोंदली गेली, आणि पंचायतींच्या गृहशुश्रूषेची पथके दारी जाऊ लागली. महाराष्ट्राला तेवढेही सुचलेले नाही.

आणि चळवळीने तरी काय केले? रुग्णालय द्या, महाविद्यालय द्या, अशीच आपली मागणी राहिली. बुलढाण्यास २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, हे चांगलेच झाले. पण इमारतीच्या मागणीसाठी मोर्चा निघतो. खाटेशेजारी बारा वेळा उठणाऱ्या बाईसाठी निघत नाही, कारण ती मोर्चाला येऊच शकत नाही. त्याच कायद्याचे कलम ३८ अधिक आधारासाठी अर्ज करण्याचा हक्क देते. मेहकर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अशा घरांची गाववार यादी करून हे अर्ज तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे गठ्ठ्याने दाखल करावेत, प्रत्येकाची पोच घ्यावी, आणि ज्या घरातून कोणी बाहेर पडू शकत नाही त्या घरी स्वतः जाऊन अर्ज भरून घ्यावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयास फिरता भौतिकोपचारतज्ज्ञ आणि घरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीस न्यायालयाने धरलेल्या दराने भत्ता, या दोन मागण्या त्याच गठ्ठ्यावर लिहिलेल्या असाव्यात.